सहा वाजून गेल्यावरचा सूर्य

३ जानेवारी, रविवार

भुंग्या,

फोन करायचा नाही, असं तू मला बजावलं होतंस. सात वर्षं मी ते पाळलं. पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस, म्हणून हे पत्र. नियमातली फट शोधणं हे एकच काम मला कार्यालयात नीट जमतं, असं तूच म्हणायचीस.

घरी सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरते, त्यामुळे गुडघा हरतो. दर गुरुवारी ती गॅलरीत जाते, दार लावून घेते आणि तुझ्याशी फोनवर बोलते. मला कळू नये म्हणून दार लावते आणि तुला ऐकू जावं म्हणून ओरडते. सगळ्या इमारतीला तुझी खुशाली माहीत आहे. मी त्या वेळी पेपर तोंडासमोर धरून बसतो. तुझी वहिनी म्हणते, अर्धा तास एकच पान वाचणारा माणूस तिने दुसरा पाहिला नाही.

पत्राचं कारण कामाचं आहे. ग्राहक मंडळाने वीज आयोगापुढे ठेवलेला तुझा अहवाल साहेबांनी परवा माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाले, यात खोट शोधा. तू माझी बहीण आहेस हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर माझ्याच टेबलावर टाकला.

एकशे बारा पानं मी तीन दिवसांत वाचली. प्रश्न ओळखीचाच निघाला. नदीकाठचं जुनं वीजकेंद्र, जिथे बाबांनी एकतीस वर्षं पाळ्या केल्या आणि ज्याच्या वसाहतीत आपण दोघं गुडघे फोडून घेत वाढलो, ते बंद करायचं की चालू ठेवायचं. आमचं कार्यालय ज्या कंपनीचा प्रोग्रॅम वापरतं ती म्हणते, संध्याकाळच्या विजेसाठी अजून पंधरा वर्षं चालवावं लागेल. तू म्हणतेस, गरज नाही, आजच बंद करा. तेवीस फेब्रुवारीला सुनावणी.

बाजाराबद्दल तू चौथ्या पानावर लिहिलंयस ते मी दोनदा वाचलं. 'विजेचा बाजार ही एक रांग आहे. स्वस्त वीज पुढे, महाग मागे. शहराची गरज भागेपर्यंत एकेकाला आत घ्यायचं. शेवटी जो आत येतो त्याचा दर सगळ्यांना मिळतो.' अठ्ठावीस वर्षं मी या रांगेच्या दारावर उभा आहे, पण मला कुणी हे चार वाक्यांत सांगितलं नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नाही. आणि खाली तू लिहिलंस की 'तोल' हा तुझा हिशेबाचा सगळा प्रोग्रॅम, त्यातले सगळे आकडे, सगळ्या ओळी उघड्या ठेवल्या आहेत. घ्या, चालवा, मोडून बघा आणि मोडला तर कळवा. एकेकाळी मी याला 'फुकट वाटायला निघाली' म्हणालो होतो. ओपन सोर्स या शब्दाची तेव्हा मी जी टिंगल केली ती मला शब्दशः आठवते. तुलाही आठवत असेल.

बरं, ते जाऊ दे. पान एक्केचाळीसवरची आकृती एकदा नीट बघ. जानेवारीची, संध्याकाळी साडेसहाची. नुसती बघ.

दादा


१० जानेवारी, रविवार

भुंग्या,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, फक्त पेटी दिवसातून तीनदा उघडून बघितली.

मागच्या वेळी मी कोड्यात बोललो. तो माझा जुना रोग आहे. आता सरळ सांगतो. जानेवारीत आमच्या गॅलरीतून सहा वाजता सूर्य पाण्याच्या टाकीमागे जातो. साडेसहाला समोरच्या शिंप्याच्या दुकानात दिवा लागलेला असतो. तुझ्या आकृतीत मात्र साडेसहाला सौर ऊर्जेची तीनशे बारा मेगावॅट वीज येते आहे. एवढी वीज द्यायला तुझा सूर्य काय ओव्हरटाइम करतो का?

चूक तुझ्या गणितात नाही, तासात आहे. तू शहराची मागणी घेतलीस वितरण कंपन्यांच्या नव्या मीटरमधून. तिथे तास सुरू होताना वेळ लिहितात. 'अठरा' म्हणजे सहा ते सात. सूर्याची वीज घेतलीस आमच्या कार्यालयाच्या तक्त्यातून. आमच्याकडे आजही तास संपल्यावर वेळ लिहितात. 'अठरा' म्हणजे पाच ते सहा. तुझा प्रोग्रॅम दोन्ही अठरांना एकच समजला. म्हणून वर्षभर सूर्य एक तास उशिरा उगवला आणि एक तास उशिरा मावळला. वर्षाच्या सरासरीत हा एक तास लपून जातो. तक्त्यावर तशी टीप असायला हवी होती, ती राहून गेली आहे.

खरं तर हे तुला कळायला हवं होतं. सुट्टीच्या दिवशी बाबा आपल्याला नियंत्रण कक्षात न्यायचे. तू उंच स्टुलावर पेन्सिल घेऊन बसायचीस. सात वाजायला दोन मिनिटं असताना तू आकडा लिहायला जायचीस आणि ते तुझं मनगट धरून ठेवायचे. "तास भरू दे. न भरलेल्या तासाचा आकडा खोटा असतो." काटा बारावर आला की मनगट सोडायचे. मोठं कार्यालय झालं, संगणक आले, पण नोंद अजून तशीच होते, कारण पहिला तक्ता मीच बनवला आणि मला दुसरी पद्धत माहीत नव्हती. तुला वाटलं असणार की एवढ्या आधुनिक कार्यालयात बाबांची पद्धत कशाला असेल.

आता वाईट बातमी. ही चूक तुझ्या बाजूची आहे. सूर्य एक तास जास्त थांबतो म्हणूनच तुझ्या हिशेबात संध्याकाळ निभावते. तास सरकवला की सहानंतर सूर्य गेलेला असेल आणि शहर नेमकं तेव्हाच दिवे लावत असेल. 'आजच बंद करा' हे कदाचित टिकणार नाही.

साहेबांना मी हे सांगितलेलं नाही. कंपनीच्या माणसांना दिसलं नसेल, किंवा दिसलं असेल आणि त्यांनी ते तेवीस तारखेसाठी राखून ठेवलं असेल. त्यांच्या जागी मी असतो तर राखून ठेवलं असतं.

दादा


२४ जानेवारी, रविवार

भुंग्या,

तुझं उत्तर आलं. पाकिटात एवढा मोठा कागद आणि त्यावर दोन ओळी. 'तास अखेरचा आहे याला पुरावा काय? नुसत्या तुझ्या सांगण्यावर मी आता काही उभं करत नाही.'

आधी झोंबलं. मग चहा घेतला, पुन्हा वाचलं, आणि पटलं. पुरावा सोबत आहे. एक, बाबांच्या खिशातल्या डायरीच्या पानाचा फोटो. आईने ती साड्यांच्या घडीत ठेवली आहे, आणि तिने ती हातात देण्याआधी माझे हात धुवायला लावले. दोन, आमच्या कार्यालयाच्या जुन्या छापील सूचनेची प्रत, कलम नऊ. तीन, हे पुढचं.

टीप राहून गेली, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ती राहून गेली नाही, मी काढली. चार वर्षांपूर्वी तुझ्याच अर्जावर आयोगाने आम्हाला आकडे सगळ्यांसाठी खुले करायला लावले. साहेब म्हणाले, आकडे मागितलेत तर आकडे द्या, अक्षरं देऊ नका. तक्त्याच्या डोक्यावर अकरा ओळी होत्या. हा तास कुठला, ही वीज कुठे मोजली, हे केंद्र कधी बंद होतं. मी त्या अकराही निवडल्या आणि एक बटण दाबलं. पहिलीच ओळ होती, 'नोंद तास भरल्यावरची.' तारीख अठरा जून. जेवायला जायची घाई होती हेही आठवतं. ज्याला कळायचं त्याला कळेल, असं मी मनाशी म्हणालो. तुला अडवायचं होतं असं नाही. पण तुझं सोपं व्हावं असंही वाटलं नव्हतं.

आता लिहितोच आहे तर हेही सांगतो. 'तोल' मी घरच्या संगणकावर चालवून पाहिला आहे. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर, वहिनी भाजी निवडत असताना. माझं प्रोग्रॅमिंगचं ज्ञान तुला माहीत आहे. प्रिंटर अडला तरी मी देवाचं नाव घेतो. पण तू सुरुवातीचं पान असं लिहिलंयस की पायरी चुकायला जागाच नाही. 'इथे लाल अक्षरं आली तर घाबरू नका, सगळ्यांना येतात.' मला आली. मी घाबरलो नाही. मग नदीकाठचं केंद्र मी स्वतः बंद करून पाहिलं, एका आकड्याचं शून्य करून, आणि सगळ्या बाजाराची रांग माझ्यासमोर नव्याने लागली. ज्या गोष्टीसाठी आम्ही कंपनीला पत्र पाठवून सहा आठवडे थांबतो आणि 'तपशील गोपनीय' असं उत्तर घेतो, ती वहिनीची भाजी निवडून व्हायच्या आत झाली. वहिनीने विचारलं, काय झालं हसायला. मी म्हणालो, आमच्या भुंग्याने केलंय. तिने भाजी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली, कारण हे नाव मी सात वर्षांनी घेतलं होतं.

दादा


७ फेब्रुवारी, रविवार

भुंग्या,

'तोल'च्या पहिल्या पानावर तुझ्या चुकीची जाहीर कबुली वाचली. तळटीप म्हणून नाही, कोपऱ्यात नाही, सगळ्यात वर. 'आमच्या अहवालात चूक होती. सूर्याची वीज एक तास पुढे सरकली होती.' मी खाली वाचत गेलो आणि वाट बघत राहिलो की आता येईल, कार्यालयाच्या तक्त्यात टीप नव्हती म्हणून असं झालं. तसं लिहायचा तुला हक्क होता. पुरावा मीच हातात दिला होता. तू लिहिलंस, 'तास कोणता हे आम्ही विचारायला हवं होतं. विचारलं नाही.' भुंग्या, मी आयुष्यात एवढी मोठी माणसं बघितली, पदांची, पदव्यांची. असं वाक्य लिहिणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. ते आपल्याच घरात होतं.

नवा निकालही बघितला. जुनं केंद्र तीन हिवाळे, फक्त संध्याकाळी पाच ते नऊ, मग बंद. 'आजच' गेलं. पण पंधरा वर्षंही गेली. आईच्या गुरुवारच्या ओरडण्यातून कळलं की ग्राहक मंडळाच्या बाईंनी तुला विनवलं, सुनावणी होऊ दे, मग सांगू. आणि तू म्हणालीस की मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला. आईला यातलं विजेचं काही कळलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांच्यावर गेलीय." म्हणजे बाबांवर. मी कुणावर गेलो हे तिने सांगितलं नाही.

आणि ती तपासणी. दुरुस्ती करून तू थांबली नाहीस, एक छोटी तपासणी लिहून ठेवलीस. जगात कुणीही, कुठेही 'तोल'मध्ये एक अक्षर जरी बदललं तरी आधी ती धावते आणि विचारते, सूर्य मावळल्यावर सौर वीज शून्य आहे ना? नसेल तर बदल आत येत नाही. आमच्याकडे चूक सापडली की तिच्यावर फाइल ठेवतात. तीन वर्षांनी नवा माणूस येऊन तीच चूक नव्या उत्साहाने करतो. तुझ्याकडे चूक पहारेकरी म्हणून नोकरीला लागते. हे मला इतकं आवडलं की मी सोमवारी डबा खाताना दोन कनिष्ठ अभियंत्यांना समजावून सांगितलं. ते माझ्याकडे ताप चढलेल्या माणसाकडे बघावं तसं बघत होते.

बरं, ते जाऊ दे. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात आणि त्या सांगितल्याशिवाय मला तेवीस तारखेला त्या खोलीत बसता येणार नाही.

पहिली सोपी आहे. 'तोल'च्या चर्चेच्या पानावर 'निवृत्त ऑपरेटर' नावाचा एक गृहस्थ वर्षभर तुला प्रश्न विचारतो आहे. 'तिसरी पाळी' आणि 'मांजरवाला' ही टोपणनावं घेतलेले तिथले हुशार लोक त्याला हसतात. तू कधी हसली नाहीस. एकदा त्याने विचारलं होतं, माझा प्रश्न बावळट असेल तर सोडून द्या. तू उत्तर दिलंस, 'प्रश्न बावळट नाही, माझं पान बावळट आहे, आज सुधारते.' आणि संध्याकाळपर्यंत सुधारलंस. तो गृहस्थ मी आहे. मी निवृत्तही नाही. नाव घालायची हिंमत नव्हती म्हणून ते घातलं.

दुसरी गोष्ट तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ती कधी ऐकली नाहीस. सात वर्षांपूर्वी तू कार्यालयातच होतीस, दोन मजले वर, आणि रविवारी घरी बसून 'तोल' लिहीत होतीस. तुला तीन वर्षांचे आकडे हवे होते. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात तू मला विचारलंस आणि मी म्हणालो, "घे की. यात लपवण्यासारखं काय आहे?" तू घेतलेस आणि सगळ्यांसमोर मांडलेस. मग चौकशी लागली. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही परवानगी दिली होती का? तू माझ्याकडे बघत होतीस. मी म्हणालो, "आठवत नाही."

मला आठवत होतं. जिन्यातला दिवा गेलेला होता आणि तुझ्या हातात छत्री होती, इतकं आठवत होतं. पदोन्नतीची यादी महिन्यावर आली होती. तू त्या दुपारी राजीनामा लिहिलास आणि मी त्या यादीत आलो. त्या दोन शब्दांची लाज मी सात वर्षं वागवतो आहे. तुझ्यापुढे ती कबूल करतो. माफ कर असं म्हणत नाही, कारण मग तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

दादा


२५ फेब्रुवारी, गुरुवार

भुंग्या,

परवाच्या सुनावणीला तू होतीसच. तरी माझ्या बाकावरून काय दिसलं ते लिहितो, कारण निघताना तुझ्याभोवती माणसं होती आणि मला साहेबांच्या गाडीत बसायचं होतं. म्हणजे बसायचं ठरलं होतं. शेवटी मी बसने गेलो, ते पुढे येईल.

तुझे केस पांढरे झालेत. आई गुरुवारच्या बातम्यांत हे कधी सांगत नाही.

कंपनीच्या वकिलाने तुझी जुनी आकृती भिंतीवर लावली तेव्हा मी ओळखलं की त्यांनी ती राखून ठेवली होती. अंधारातला सूर्य. लोक हसले. आमचे साहेबही हसले. मग वकील म्हणाला, हा प्रोग्रॅम जानेवारीत म्हणतो केंद्र नको, फेब्रुवारीत म्हणतो तीन हिवाळे हवं. रोज मत बदलणाऱ्यावर आयोगाने विश्वास ठेवायचा का?

तू उठलीस. कागद नाही, काही नाही. साधेपणाने म्हणालीस, "चूक होती. काय होती, कशी सापडली, कशी दुरुस्त केली, ते दोन आठवड्यांपूर्वीच आपल्यासमोर ठेवलं आहे. तुमच्या प्रोग्रॅममध्ये आजवर किती चुका सापडल्या?"

वकील म्हणाला, एकही नाही. अभिमानाने म्हणाला. तेव्हा आयोगाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "शोधल्या कुणी?" तो कंपनीच्या माणसांकडे वळला, ती माणसं एकमेकांकडे वळली. मग अध्यक्षबाईंनी विचारलं की तुमच्या प्रोग्रॅममध्ये तास आरंभीचा धरलाय की अखेरचा. उत्तर आलं, ते आमचं व्यापारी गुपित आहे. दिवस किती वाजता मावळतो हेही गुपित असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. या वेळी जास्त लोक हसले. आमचे साहेब हसले नाहीत.

मला तुझं कौतुक वाटलं हे लिहायला नको, पण लिहितो. तू जिंकत होतीस म्हणून नाही. तुला हवा होता तो निकाल तू स्वतःच्या हाताने खोडला होतास आणि तरी तुझी मान ताठ होती, म्हणून.

मग अध्यक्षबाई आमच्या बाकाकडे वळल्या. इतके महत्त्वाचे आकडे आणि तक्त्यावर तासाची टीप का नाही? साहेब उठले आणि म्हणाले की टीप मुळातच नसावी. असल्यास ती कशी गेली हे आता सांगणं कठीण आहे, जुनी गोष्ट आहे, तांत्रिक अधिकारी सांगतील. आणि माझ्याकडे बघितलं. काय सांगायचं हे त्या बघण्यात होतं. एकतीस मार्चला माझी निवृत्ती आहे आणि दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवायचा कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता, हेही त्या बघण्यात होतं.

मी उभा राहिलो. ते दोन शब्द तोंडात तयार होते, भुंग्या. सात वर्षांपूर्वीचेच. माझ्या जिभेला त्यांची सवय आहे. तू समोरच्या बाकावर होतीस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस. टेबलाकडे बघत होतीस. तू माझ्याकडे पुन्हा तसं बघायची तसदी घेणार नव्हतीस, हे मला दिसलं.

मी म्हणालो, "टीप होती. मी काढली. अठरा जूनला, दुपारी एकच्या सुमारास. मला नीट आठवतं."

अध्यक्षबाईंनी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून? मी म्हणालो, सांगितलं वरून, पण बटण माझ्या बोटाने दाबलं. मग आवाज फुटलाच होता तर पुढचंही बोलून टाकलं, की सात वर्षांपूर्वी याच बाईंना आकडे घ्यायला मी परवानगी दिली होती आणि चौकशीत ती नाकारली, तेही नोंदवून घ्यावं. अध्यक्षबाई म्हणाल्या, त्याचा आजच्या विषयाशी संबंध नाही. लेखनिकाने मात्र लिहून घेतलं. मी त्याची लेखणी थांबेपर्यंत उभा होतो. तू तेव्हा मान वर केलीस.

सल्लागाराचा कागद काल फाडला गेला असं कळलं. साहेबांनी मला गाडीत जागा नाही असं सांगितलं तेव्हाच मी समजलो होतो. बसमध्ये खिडकी मिळाली. फार दिवसांनी शांत वाटलं.

दादा


४ एप्रिल, रविवार

भुंग्या,

आयोगाचा आदेश तू वाचला असशील. तीन हिवाळे, पाच ते नऊ, त्यानंतर पुन्हा तपास, आणि तपासात जो प्रोग्रॅम उघडा असेल तोच चालेल. आमच्या कार्यालयाला अकराही ओळी तक्त्यावर परत घालायला लावल्या. त्या घालायचं काम मलाच मिळालं, शेवटच्या आठवड्यात. शिक्षा म्हणून दिलं होतं. मी दोनदा तपासून घातल्या आणि पहिली ओळ जरा ठळक केली.

एकतीस तारखेला हार, नारळ काही नाही. कनिष्ठ अभियंत्यांनी एक मोठं भिंतीवरचं घड्याळ दिलं. आईने ते बघून विचारलं, आता तुला वेळ बघून काय करायचंय?

तुझं पत्र बुधवारीच आलं. या वेळी कागद अर्धा भरला होता, म्हणजे प्रगती आहे. तू लिहिलंस, 'मदत करणाऱ्यांची यादी बघ. नुसती यादी नको, तिचा इतिहास बघ. कुठली ओळ कधी घातली, ते सगळं तिथे असतं. आमच्याकडे काही पुसलं जात नाही.'

ती यादी मी आधी कधी वाचली नव्हती. आपलं तिच्यात काय असणार. आज सकाळी उघडली. दीडशेच्या वर माणसं, 'तिसरी पाळी' आहे, 'मांजरवाला' आहे. खालून चौथी ओळ अशी:

'निवृत्त ऑपरेटर. माझा दादा. अजून निवृत्त झालेला नाही, पण प्रश्न चांगले विचारतो.'

मला वाटलं सुनावणीनंतर घातली असशील. मग तू सांगितलंस तसा इतिहास उघडला. ओळ घातल्याची तारीख गेल्या वर्षीच्या नऊ फेब्रुवारीची आहे. मी पहिला प्रश्न विचारला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. आणि का घातली याचं कारण तू तिथेच लिहून ठेवलंयस: 'प्रश्नाच्या मध्येच "बरं, ते जाऊ दे" म्हणणारा माणूस जगात एकच आहे. स्वतःच्या नावाने येईल तेव्हा येईल.'

भुंग्या, मी तुझ्यापासून तोंड लपवून प्रश्न विचारत होतो आणि तू सगळ्या जगासमोर मला दादा म्हणत होतीस. चौदा महिने. मी दर रविवारी 'तोल' उघडत होतो आणि ती यादी न उघडताच पुढे जात होतो. वहिनीला बोलावून दाखवलं. तिने ते वाचलं आणि पदराने माझा चष्मा पुसून दिला. मग आईला मोठ्याने वाचून दाखवलं, गॅलरीचं दार उघडं ठेवून.

तुझ्या सुरुवातीच्या पानावर लिहिलंयस की कुणाला चूक दिसली तर नुसती सांगू नका, दुरुस्त करून पाठवा, आम्ही तपासून आत घेऊ. त्याप्रमाणे आज मी माझी पहिली दुरुस्ती पाठवली आहे. दीड तास लागला. लाल अक्षरं दोनदा आली. तुझी तपासणी धावली, सूर्य मावळला होता, हिरवी खूण आली. बदल एकाच ओळीत आहे. 'अजून निवृत्त झालेला नाही' एवढं खोडलं आहे, कारण आता तास भरला. बाकीच्या शब्दांना हात लावलेला नाही.

पाठवणाऱ्याच्या जागी या वेळी माझं खरं नाव आहे. तपासून घे.

दादा